गॅलरी आत घेतलेली होती

फोन आमच्या नेहमीच्या पेंटरचा होता. "साहेब, इथं लांबी-पुट्टी भरून उपयोग नाही. तुम्ही एकदा बघून जा." गणपती तोंडावर आलेले असताना पेंटरनं हातातलं काम थांबवून दुरुस्तीवाल्याला बोलवावं, म्हणजे त्याला काहीतरी खटकलेलं असणार. एरवी श्रावणात निम्मं पुणं रंग काढायला बसतं, नेमकं भिंती ओलसर असतात तेव्हाच. सांगून कोणी ऐकत नाही.

सहकारनगरमधली 1980च्या दशकातली इमारत. पहिल्या मजल्यावर काका-काकू. हॉलच्या छताला, अगदी रस्त्याच्या बाजूला, ताटाएवढा ओलीचा डाग, कडेनं पिवळी रेघ, मधे पोपडे. काकांचं निदान तयार होतं. "वरच्यांचं बाथरूम. किती वर्षं भांडतोय!" त्या भांडणापायी वरच्या वहिनींनी बाथरूमच्या फरश्या उखडून नव्यानं वॉटरप्रूफिंगही करून घेतलं होतं. डाग जागच्या जागी.

पाणी स्लॅबमधून वाट काढत लांबवर जातं, हे खरं. पण बाथरूमची गळती बारा महिने चालते. काकूंना विचारलं, उन्हाळ्यात कसं असतं? "मे महिन्यात खडखडीत वाळतं हो. तिरका पाऊस आला की दुसऱ्या दिवशी परत ओलं." हे ऐकून मी बाथरूम यादीतून काढून टाकलं.

काका त्याच डागाखाली झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते आणि झोपाळ्याच्या कड्या त्याच स्लॅबमध्ये होत्या. मी शिडीवर चढून छोट्या हातोडीनं ठोकून बघायला लागलो. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द. डागाच्या बाहेर दोन-अडीच फुटांपर्यंत आवाज बद्दच येत होता. एका कडीपासून निघालेली बारीक, सरळ, तांबूस भेगही दिसली. गिलावा आकसला की भेगांचं जाळं पडतं. सळईच्या रेषेत सरळ भेग आणि तिला गंजाचा रंग, हे दुखणं वेगळं. "काका, आधी उतरा," म्हटलं. ते उतरले, मी भेगेत खरवडायची पट्टी घातली आणि तळहाताएवढा तुकडा झोपाळ्याच्या पाटावर येऊन आदळला. उलटून पाहिला तर पाठीवर सळईचा पूर्ण ठसा, पीळसुद्धा मोजता येतील असा.

चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच 12-13, आणि त्या आवरणात लोखंड सुरक्षित राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरून ही अल्कता मारतो. मग पाणी पोचलं की गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून देतो. स्लॅबला तेव्हाच्या नियमानं किमान 15 मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, हवं होतं. इथं सळई जेमतेम नखाएवढ्या खोलीवर होती.

पण मला भीती खालच्या सळईची नव्हती. हॉलच्या छताला आडवा बीम दिसत होता, म्हणजे भिंत मूळची तिथं होती. त्यापुढचा भाग जुनी गॅलरी, सगळ्यांनीच आत घेतलेली. गॅलरीचा स्लॅब बीममधून बाहेर लोंबतो, त्यामुळे त्याचं मुख्य लोखंड वरच्या अंगाला असतं. म्हणजे खरी परीक्षा वरच्या वहिनींच्या फरशीखाली होती.

वहिनी म्हणाल्या, "आता ही फरशीपण फोडायची?" बाथरूम विनाकारण फोडून झालेलं, त्यामुळे राग रास्तच होता. मी त्यांना सरकत्या खिडकीचा ट्रॅक दाखवला. पाणी बाहेर जायची भोकं मातीनं बुजलेली. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, ते बाहेर गेलंच नाही, आतल्या कडेनं फरशीखाली झिरपलं. मग त्या हो म्हणाल्या.

आधी टेकू दिले. नुसते काकांच्या हॉलमध्ये देऊन भागत नाही, त्यांच्या गॅलरीखालीही, थेट पार्किंगच्या जमिनीपर्यंत. फरशी काढली तर भराव चिखल झालेला, आणि गॅलरीचा जुना नळा सिमेंटनं बुजवलेला. आत आलेल्या पाण्याला जायला वाटच नव्हती. 10 मिमीच्या सळ्या तारेच्या ब्रशनं घासल्यावर काही ठिकाणी 7 मिमीही भरेनात.

स्ट्रक्चरल इंजिनिअरनं जोडसळ्या द्यायला सांगितल्या, आतल्या स्लॅबमध्ये लांबवर नेऊन. सळ्यांना गंजरोधक कोट, जुन्या काँक्रीटला बाँडिंगचा हात, मग मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं, ओतता येणारं काँक्रीट. खालून सुटलेलं सगळं काढून पॉलिमर मॉर्टर थराथरानं भरलं आणि पाणी मारत राहिलो. वर वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या बाजूला उतार, नळा मोकळा. रंग दिवाळीवर गेला. काकूंनी गणपती आतल्या खोलीत बसवले, माझ्याशी दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

पैशांवरून सोसायटीत व्हायचं ते झालं. स्ट्रक्चर सोसायटीचं, खिडकी आणि फरशी वहिनींची, असं शेवटी ठरलं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. फाइलमध्ये एकही नव्हतं. म्हणून कमिटीच्या सांगण्यावरून बाकीच्या गॅलऱ्याही ठोकून पाहिल्या. आणखी दोन ठिकाणी आवाज बद्द आला. एकीत पुस्तकांचं भरलेलं कपाट होतं, ते त्याच दिवशी बीमच्या आत सरकवलं.