नियोजित जागेचा फोटो

आदिम जमातींसाठीची केंद्र सरकारची पीएम-जनमन योजना १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. त्या दिवशी भाऊबीज होती. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर काम केलेल्या माणसाला ही तारीख वाचून हसावं की चिडावं कळणार नाही, कारण दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. टेंपो येतो, त्यात भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरली जातात आणि सगळी माणसं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतल्या कातकऱ्यांना घरं देण्याची मोहीम आम्हाला नेमकी ते गावात नसताना राबवायची होती. आणि देशभर पहिल्या हप्त्याचं वाटप १५ जानेवारी २०२४ ला.

मी ग्रामसेवक. २०२४ मध्ये आमचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं. कामं तीच आहेत आणि लोक भाऊसाहेबच म्हणतात.

या योजनेत पैसा कमी होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. नेहमीच्या घरकुलाला तेव्हा सपाट भागात १ लाख २० हजार मिळत होते. जनमनमध्ये घराचे २ लाख, शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार धरून २ लाख ३९ हजार. माझ्या टेबलावर इतकी रक्कम घेऊन येणारी दुसरी घरकुल योजना मी पाहिलेली नाही.

पण यादीत नाव आलं म्हणजे घर मिळालं, असं बाहेरच्यांना वाटतं. आधार लागतं, जातीचा दाखला लागतो, आधार जोडलेलं बँक खातं लागतं. वीट थापून थापून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. मग बोटं धुवायची, पुसायची, पुन्हा दाबायची. हे सगळं जमलं की ॲपवर फोटो. एक सध्याच्या कच्च्या घरासमोर, दुसरा नियोजित जागेवर. दोन्हींत लाभार्थी स्वतः हजर पाहिजे आणि फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. म्हणजे भट्टीवर जाऊन फोटो काढून चालत नाही, माणूस वाडीवर आणावा लागतो.

तसा मी एके दिवशी सकाळी यादीतल्या एका कातकरी जोडप्याला आणायला भट्टीवर गेलो. शेठ बोलायला गोड. "न्या की भाऊसाहेब, सरकारी काम आहे. पण दोघांना नका नेऊ. एक जण राहू द्या." या कुटुंबाने पावसाळ्यात, गणपतीच्या सुमाराला, त्याच्याकडून उचल घेतली होती. ती नवरा-बायकोने मिळून हजार विटांच्या हिशेबाने फेडायची. किती घेतली, किती फिटली, हे फक्त शेठच्या वहीत. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ पासून आहे, हे मला माहीत आहे आणि शेठलाही. मी तो विषय काढला नाही. काढला असता तर बाई गाडीत बसलीच नसती. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर द्यायचं असतं, म्हणून ती आली आणि नवरा मागे राहिला. याला ओलीस ठेवणं म्हणतात, पण आमच्या अहवालात त्यासाठी रकाना नाही.

वाडीवर तिची झोपडी होती. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीचा लेप, वर पेंढा आणि निळं प्लास्टिक. पहिला फोटो पटकन झाला. दुसऱ्यासाठी गृहनिर्माण अभियंत्याने मोबाइल वर धरला आणि विचारलं, "ताई, कुठे बांधणार? तिथे उभ्या राहा."

तेवढ्यात जमीनमालक आले. वाडी त्यांच्या सातबाऱ्यावर आहे. रायगडात अशा कातकरी वाड्या बऱ्याच: जुन्या जमीनदाराने शेतावर राबायला माणसं हवीत म्हणून बसवलेल्या. माणसं राहिली, पिढ्या गेल्या, उतारा मालकाच्याच नावावर. हे काका वाईट नाहीत. वाडीला पाणी त्यांच्याच विहिरीचं, आजवर कुणाला अडवलेलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "झोपड्या माझ्या बापाने बसवल्या, मी उठवणार नाही. पण चौथरा घालू देणार नाही." पोरं पनवेलला, फार्महाउससाठी जागा बघणारे दलाल दर रविवारी दारात. सिमेंट आलं की नोंद येणार, नोंद आली की हक्क सांगितला जाणार, हा त्यांचा हिशेब. तो चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही.

अभियंता मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, गावठाणात उभं करून मारू फोटो. लोकेशन आपल्या हद्दीत पडलं म्हणजे झालं. मंजुरी तर घेऊ, जागा नंतर बघू." पोरगा कामसू आहे. पण कंत्राटी आहे आणि त्याचं मानधन घरकुलाच्या टप्प्यांवर निघतं. फोटो नाही तर पैसे नाहीत. त्याला दोष देणं सोपं आहे. मला राग येतो तो माणसाच्या पोटाला फोटोची संख्या बांधणाऱ्या पद्धतीचा.

आमचं कुजबुजणं तिने ऐकलं. पोराला काखेत घेऊन ती झोपडीच्या दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "नको भाऊसाहेब. दुसरा फोटो नको."

मी समजावलं. दोन लाखांचा आकडा सांगितला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता म्हातारा काय बोलणार नाय. आम्ही जाऊ भट्टीला. मागं झोपडी पाडली तर पावसात येऊन कुठं राहू? आज निदान झोपडी तरी हाय. आधी जागंचा कागद द्या, मग पायजे तेवढे फोटो काढा."

इतक्या बैठकांना बसलो, पण घर द्यायला गेल्यावर असलेलं घर जाऊ शकतं, हे एकाही बैठकीत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सात-आठ महिने जी झोपडी रिकामी असते, ती पाडायला कुणाला कोर्टात जावं लागत नाही. आजवर ती टिकली, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते लक्ष आम्ही मोबाइल घेऊन वेधलं होतं.

अंधाराच्या आत तिला भट्टीवर सोडलं. गावठाणात स्वतःची जागा असलेल्या कुटुंबांचे हप्ते पुढे पडले, त्यांची घरं झाली, फोटो छापून आले. चांगली घरं आहेत, मी मुद्दाम जाऊन पाहिली.

हिचं नाव मात्र आढाव्याच्या पडद्यावर लाल राहिलं. व्हीसीत, म्हणजे वरच्या कार्यालयाच्या व्हिडिओ बैठकीत, सूचना आली: "लाभार्थी इच्छुक नाही म्हणून लेखी घ्या, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि नाव काढून टाका. टक्केवारी अडते." नकाराचा छापील नमुनाही आला. तिला घर नको आहे, हे खोटं आहे. तो कागद मी घेतलेला नाही आणि त्याबद्दल नोटीसही खाल्ली आहे.

त्याऐवजी मी दप्तर उपसलं. आमच्या कामात कौतुक होण्यासारखं फार काही नसतं, पण नमुना ८ चं ज्ञान ही माझी मिजास आहे. ही कर आकारणीची नोंदवही. तिच्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, वेगळा. ट्रंकेच्या तळाशी शिवण सुटलेल्या जुन्या वह्या होत्या, त्यांत वाडीतली झोपडी न् झोपडी सापडली: मालक म्हणून काकांचे वडील आणि भोगवटादार म्हणून या बाईचा आजेसासरा. कर रुपयाच्या आत-बाहेर. माझ्या आधीच्या कुणा ग्रामसेवकाने चिखल तुडवत वाडीवर जाऊन एकेक कूड मोजला होता आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवला होता. नमुना ८ मालकीचा पुरावा नाही, हे वकील पहिल्या वाक्यात सांगतो. पण ही माणसं इथे किती पिढ्या आहेत, याचा याहून जुना कागद कुठल्याच कार्यालयात नाही.

वाडी वनजमिनीवर असती तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवून वनहक्काचा दावा करता आला असता. त्या कायद्यात राहण्यासाठीच्या जमिनीचाही हक्क आहे. खासगी जमिनीला तो लागत नाही. घरकुलाची जागा विकत घ्यायला सरकार ५०० चौरस फुटांपर्यंत मदत देतं, आधी ५० हजार होती, आता १ लाख आहे. आमच्याकडे त्या पैशात कुणी दारातही उभं करत नाही. जमिनीचे लहान तुकडे विकू न देणाऱ्या तुकडेबंदीतून घरकुलापुरती सूट आहे, तिलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गुरचरण आहे ते ओढ्यापलीकडे, पावसात तुटणारं. उरला गावठाण विस्तार, महसूल अधिनियमाच्या कलम १२२ खाली. काकांना मोबदला देऊन वाडीपुरती जमीन घ्यावी, असा ठराव ग्रामसभेत झाला. काका त्या सभेला आले होते. मोबदला किती, एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पावसाळ्यात ती ग्रामपंचायतीत आली. घरपट्टी भरायची होती आणि पावतीवर नाव तिचं हवं होतं. भोगवटादाराच्या रकान्यात नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं, ते मी लावलं. पावती तिने दोनदा माझ्याकडून वाचून घेतली. मग सरळ विचारलं, "यानं म्हातारा अडेल का?" मी म्हणालो, एकट्या पावतीनं नाही अडणार.

प्रस्ताव वरून त्रुटी लावून परत आला आहे. अर्जदार कुटुंबं प्रत्यक्ष वाडीत राहतात, याचा स्थळ पंचनामा जोडा, असं त्यात लिहिलंय. पंचनाम्यासाठी फेब्रुवारीतली तारीख दिली आहे. ती जूनअखेर करावी, असं पत्र मी दिलं आहे, सोबत जुन्या नमुना ८ च्या प्रती. साहेबांनी फोनवर विचारलं, "जूनमध्ये वाडीवर गाडी जाते का?" जात नाही. शेवटचा टप्पा चालायचा आहे, तेही मी पत्रात लिहिलंय.