आमची वाटचाल : गणितात गेलेल्या पोरांचं वर्कशॉप

१९९६ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक जुना साडेचार फुटी लेथ (धातू गोल फिरवत कापायचं यंत्र) आणि एक बेंच ग्राइंडर, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. इंजिनाचे सुटे भाग, फाउंड्रीवाल्यांचं जॉबवर्क, अशी बारा वर्षं बरी गेली.

२००८च्या दिवाळीआधी पलीकडच्या गल्लीतल्या एका वर्कशॉपवाल्यानं आमचे पाच टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, एका आठवड्यात फोडले. जास्त पगारावर माणूस जाणारच, त्याबद्दल राग नाही. पण त्यातल्या तिघांना टूलला धार लावायला मी शिकवलं होतं. आणि हा गृहस्थ आमच्याच गिऱ्हाइकांकडे जाऊन ‘त्यांच्याकडे आता माणूसच उरला नाही’ म्हणून सांगत फिरला. ते मला अजून लागतं. चार लेथ बंद पडले, दोघा गिऱ्हाइकांनी आपली कास्टिंग (ओतीव भाग) परत नेली, बँकेचे हप्ते थकले. सहा फुटी लेथ विकायचा भावही मी ठरवून आलो होतो.

तेव्हा तात्या आले. कागलकडचे गुऱ्हाळवाले, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. ऐन हंगामात चरकाचं गनमेटलचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजलं की रात्री दहालाही यायचे, पैसे जागेवर द्यायचे. बंद लेथ बघून म्हणाले, “माझ्या भावकीतली दोन पोरं दहावीला गणितात गेलीत. घरात नुसत्या शिव्या खात्यात. घ्या की त्यास्नी.”

घेतली. सहा महिने फक्त कानस, हॅकसॉ आणि मार्किंग. मग हायस्पीड पोलादाचा तुकडा ग्राइंड करून आटे पाडायचं टूल, सेंटर गेजच्या (कोन तपासायच्या पट्टीच्या) ६० अंशाच्या खाचेत मधून उजेड न दिसता बसेपर्यंत. धाकट्याला शाळेत अपूर्णांक कधी जमले नव्हते. एक दिवस स्वतःहून म्हणाला, “आठ सुतांचा इंच, मग तीन सूत म्हणजे पाऊण इंचाच्या निम्मं.” पुढं त्याच्याकडून टेपर, म्हणजे निमुळता भाग, काढून घेतला : ५० मिलिमीटर लांबीत व्यास ४०वरून ३०वर. लेथवरची टूल सरकवणारी कंपाउंड स्लाइड टॅनच्या हिशेबानं ५ अंश ४३ मिनिटांवर फिरवली. ब्ल्यू (तपासणीचा निळा रंग) लावून तपासलं, तर रंग सगळीकडं सारखा लागलेला. त्रिकोणमितीतल्या ज्या टॅनपायी तो वर्गाबाहेर उभा राहायचा, तो टॅन त्याच्या हातात होता. सहा फुटी लेथ मी विकला नाही.

आज अकरा माणसं आहेत, त्यात सात अशीच. आईबापांना सांगतो, नापास पोराला घरी बसवून टोचू नका. आठवी झालेल्यालाही आयटीआयत वेल्डर, वायरमन मिळतं. टर्नर, फिटर घेतलं तर दोन्ही वर्षं पुरी करू द्या, मध्येच कामाला ओढू नका. वर्कशॉपवाल्यांनाही सांगतो. १९६१चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा ३० किंवा जास्त माणसं असणाऱ्यांना बांधतो, आपल्यासारख्यांवर सक्ती नाही, म्हणून आपण हात झटकतो. चार माणसांचं वर्कशॉपही शिकाऊ घेऊ शकतं. घ्या, पण त्याला झाडलोटीला जुंपू नका आणि पहिल्याच दिवशी सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं) बटण दाबायला उभं करू नका. कानशीनं सपाट करता आल्याशिवाय धातू कळत नाही.

तो धाकटा आता नव्या पोरांना टूल ग्राइंडिंग शिकवतो. धार निळी पडली की बोलत नाही, टूल परत ग्राइंडरकडं न्यायला लावतो. तात्यांचं बुश मात्र अजून तो स्वतःच काढतो.