तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेंच कुणाला म्हणायचं?

पुण्यात मी फ्रेंच शिकवते. नवी तुकडी सुरू झाली की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, फ्रेंच लोकांचं तुम्हाला एवढं काय आवडतं? आणि फ्रेंच असणं म्हणजे नेमकं काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्यानं नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. मोठ्या दुकानदारानं किमती पाडून गल्लीतल्या पुस्तकवाल्याला संपवू नये म्हणून. पुस्तकांची इतकी काळजी घेणारा देश मला आवडणारच.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी मुलांना पॅरिसच्या पाँतेऑंमध्ये नेते, अर्थात फोटोंतून. देशानं ज्यांचे उपकार मानले, त्यांची ही समाधीभूमी. तिथे वॉर्सात जन्मलेल्या मारी क्युरी आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या जोसेफिन बेकर आहेत. ही नर्तकी १९३७ साली फ्रेंच नागरिक झाली आणि दुसऱ्या महायुद्धात तिनं फ्रान्ससाठी हेरगिरी केली. २०२१ मध्ये तिची शवपेटी तिथे आली, तेव्हा त्या पेटीत ती जिथे राहिली अशा काही ठिकाणची माती होती.

१८८२ साली पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठातल्या व्याख्यानात फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रनाँ म्हणाले होते की राष्ट्र वंशानं, भाषेनं किंवा धर्मानं बनत नाही. एकत्र राहायची इच्छा म्हणजे रोज नव्यानं दिलेला कौल. मला फ्रेंचपणाची हीच व्याख्या पटते. आपल्या ताब्यातल्या अल्जीरियातल्या मुसलमानांना मात्र त्याच फ्रान्सनं पिढ्यान्‌पिढ्या बरोबरीचं नागरिक मानलं नाही. तेही मी वर्गात सांगते, नाहीतर माझं प्रेम आंधळं ठरेल.

सगळ्यात जास्त वेळ मी मिसाक मानुशियान यांच्यापाशी थांबते. ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या नरसंहारात अनाथ झालेला हा कवी फ्रान्समध्ये कामगार होता. नागरिकत्वासाठी त्यानं दोनदा अर्ज केला, ते मिळालं नाही. तरी दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स बळकावलेल्या जर्मनांविरुद्ध तो फ्रान्ससाठी लढला आणि २१ फेब्रुवारी १९४४ रोजी साथीदारांसह गोळ्या घालून मारला गेला. बरोबर ऐंशी वर्षांनी त्याला आणि त्याची बायको मेलिने हिला पाँतेऑंमध्ये जागा मिळाली.

मरणाच्या दिवशी त्यानं मेलिनेला पत्र लिहिलं. जर्मन जनतेबद्दल मनात द्वेष नाही, असं त्यात आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी तेच पत्र वाचायला देते. वाक्यं साधी आहेत, शब्दकोश फारसा लागत नाही.