गंजाखालची अक्षरं: दोन संगिनींच्या कामाची नोंद

१९०७ पॅटर्नच्या ब्रिटिश संगिनीची तारीख अखेर लागली: ४ '१७, म्हणजे एप्रिल १९१७. मुठीलगतच्या सपाट भागावर गंज इतका चढला होता की मुकुटाचा उंचवटा फक्त नखाला लागायचा. आता मुकुट, त्याखाली राजा पाचव्या जॉर्जची आद्याक्षरं 'जीआर' (जॉर्जिअस रेक्स, म्हणजे राजा जॉर्ज), मग १९०७, मग तारीख आणि शेवटी विल्किन्सन या उत्पादकाचं नाव असं सगळं ओळीनं वाचता येतंय. फार आनंद झाला.

नव्यानं या छंदात आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. तो ठळक १९०७ म्हणजे मॉडेलचं साल. पातं कधी बनलं ते खालच्या लहान आकड्यांत असतं, आधी महिना आणि मग वर्षाचे शेवटचे दोन अंक. उलट्या बाजूला बाणाचा ठसा असतो, तो सरकारी मालकीचा. शेजारची फुली म्हणजे पातं वाकवून पाहण्याच्या चाचणीत टिकलं.

ठसे पार गेले असले तरी घडणीवरून बरंच कळतं. पात्याची लांबी १७ इंच. सुरुवातीच्या संगिनींना मुठीच्या आडव्या पट्टीला आकडी असायची. १९१३ मध्ये ती बंद झाली आणि आधीच्या बहुतेकांची कापून टाकली. मुठीच्या टोकातलं आरपार भोक १९१६ पासूनचं. माझ्याकडच्या संगिनीला आकडी नाही आणि भोक आहे, त्यामुळे १९१७ शी सगळं जुळतं. पण नुसत्या भोकावर भरवसा ठेवू नका, जुन्या संगिनींनाही ते नंतर पाडलेलं आढळतं. आकडी कापलेली असेल तर पट्टीची ती कड भिंगाखाली जरूर बघा, कानशीचे ओरखडे बहुधा सापडतात.

आता सफाई. पातळ तेल लावून पातं तसंच ठेवलं, गंजात तेल मुरू दिलं. नंतर तांब्याच्या पट्टीच्या कडेनं खरवडलं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंजाचे पापुद्रे निघतात आणि धातूला ओरखडा जात नाही. त्यावर ०००० नंबरचं, म्हणजे अगदी बारीक तारांचं स्टील वूल, तेही तेलात भिजवून, पात्याच्या लांबीच्या दिशेनं आणि हलक्या हातानं. फडक्यावर तांबूस चिखल येतो तो पुसायचा, पुन्हा तेल, पुन्हा तेच. ठशांच्या जागी स्टील वूलही नाही, तिथं फक्त तेल, बांबूची टोकदार काडी आणि मऊ ब्रश.

थांबायचं कुठं, यावर माझं मत ठाम आहे. लाल, भुसभुशीत गंज ओल धरून ठेवतो आणि खाली पसरत जातो, तो काढायचाच. त्याखालचा काळा, घट्ट थर बहुतांशी मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा असतो. तो स्थिर असतो, शिवाय ते वयही आहे. तो राहू द्यायचा. खड्डे दिसेनासे होईपर्यंत घासायचं म्हणजे आजूबाजूचं पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचं, आणि त्यात ठसे आधी जातात. वायर व्हील आणि पॉलिश पेपर मी जुन्या पात्याजवळ आणत नाही. व्हिनेगर गंजाबरोबर पोलादही खातं आणि पातं राखाडी, मेलेलं दिसतं. धुण्याचा सोडा घालून केलेलं इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून गंज काढणं) धातू खात नाही हे खरं, पण काळी झिलईही घेऊन जातं. अगदीच वाया गेलेल्या तुकड्यावर ते करायचं असेल तर अ‍ॅनोडला (विजेचं धन टोक जोडलेल्या पट्टीला) साधं लोखंड वापरा. स्टेनलेस स्टील वापरल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

दुसरी संगीन फ्रेंच, १८७४ च्या ग्रा रायफलीची. ती लांबूनही ओळखू येते: पातं टी आकाराच्या छेदाचं, जेमतेम ५२ सेंटिमीटर, मुठीचं टोक पितळी आणि बाजूला लाकडी पट्ट्या. तिची माहिती पात्याच्या पाठीवर तिरप्या हस्ताक्षरात कोरलेली असते: कारखाना, महिना, वर्ष. ही कोरणी अतिशय उथळ, चार वेळा जोरात घासलं की संपली. त्यामुळे पाठीला फक्त तेल आणि काडी. आतापर्यंत कारखान्याचं नाव 'सेंत-एतिएन' स्पष्ट झालंय, वर्षाचे १८७ दिसतात, शेवटचा अंक अजून गंजाखाली आहे. आडव्या पट्टीवरचा क्रमांक आणि पोलादी म्यानाच्या तोंडाजवळचा क्रमांक मात्र एकच निघाला. इतक्या वर्षांनी पातं आणि म्यान एकत्र राहिलेली जोडी हाताळायला मिळाली, याचं मोल मला मोठं वाटतं. पितळ चमकवणार नाही.

ब्रिटिश पात्यावरचं तेल स्पिरिटनं पुसून, हेअर ड्रायरनं किंचित कोमट करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिलाय. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स याच जातीचं. यापुढे पातं उघड्या बोटांनी धरायचं नाही, घामातलं मीठ पुन्हा गंज आणतं.

तिचं चामड्याचं म्यान अजून हाती घेतलेलं नाही. तोवर, आणि नंतरही, पातं त्यात ठेवणार नाही. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली आम्लंही त्यात उरलेली असतात. पातं आणि म्यान शेजारी शेजारी, वेगवेगळी गुंडाळून ठेवतोय. पुढची नोंद ग्राच्या शेवटच्या अंकाची.