आयएनआरची खिडकी आणि मी

झडपेचं ऑपरेशन मला त्या मानाने सोपं गेलं. लहानपणी रुमॅटिक ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची मायट्रल झडप आकसत गेली. ती काढून कृत्रिम धातूची बसवली आणि मी घरी आले. रात्री सगळं शांत झालं की छातीतून बारीक टिकटिक ऐकू येते, तिचीही सवय झाली. जेरीला आणलं ते रक्ततपासणीच्या खिडकीने.

अशा झडपेवर रक्त गोठून गुठळी होऊ शकते आणि ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि तीही जन्मभर. ज्यांना सतत तपासणी लागत नाही अशा नव्या गोळ्या मिळतील का, हे मी विचारून पाहिलं. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यातलीच एक, डाबिगाट्रान, देऊन पाहिलेला प्रयोग २०१२ मध्ये मध्येच थांबवावा लागला होता, कारण गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. मग राहिला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो, माझा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा.

रक्त सकाळी आठला घेत. रिपोर्ट खिडकीवर चारनंतर. डॉक्टर एकला निघून जात. वॉरफरिन संध्याकाळी घ्यायला सांगतात ते मुळात यासाठी, की आकडा बघून त्याच दिवशी डोस बदलता यावा. आमचा डोस ठरायचा दुसऱ्या दिवशी! हे खिडकीत सांगितलं तर उत्तर यायचं, "ताई, सगळ्यांना चारलाच मिळतो."

एका सोमवारी आकडा आला ४.६. डॉक्टरांनी एक दिवस गोळी बंद ठेवून डोस उतरवला. पुढच्या आठवड्यात १.७! म्हणजे गुठळीची भीती, म्हणून पोटावर हेपॅरिनची, म्हणजे रक्त लगेच पातळ करणारी इंजेक्शनं, आकडा वर येईपर्यंत. खिडकीतले म्हणाले, "पालेभाजी जास्त खाल्ली असेल." माझं खाणं आठवड्याला मोजून तेच होतं. पालेभाजी सोडायची नसते, तिचं प्रमाण तेवढंच ठेवायचं असतं, कारण तिच्यातल्या क जीवनसत्त्वाशी नाही, के जीवनसत्त्वाशी या गोळीचं वैर आहे. (मीही पहिले दोन महिने 'क' समजून लिंबाला घाबरत होते.)

उलगडा केला तो रक्त घेणाऱ्या एका नव्या मुलीने. नळी उजेडात धरून ती म्हणाली, "खुणेपर्यंत भरली नाही, परत घ्यावं लागेल." निळ्या झाकणाच्या त्या नळीत आधीच ०.३ मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) असतं आणि त्याला २.७ मिली रक्त लागतं. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं, रक्त गोठायला उशीर लागतो आणि आकडा खोटाच चढतो. मला लगेच तो सोमवार आठवला. शीर सापडत नव्हती, दोनदा टोचलं होतं आणि नळी अर्ध्यावरच सोडली होती. खिडकीत विचारलं. "तशी काही नोंद नाही." सिद्ध करता येणार नाही, पण त्या इंजेक्शनांचे निळे डाग पंधरा दिवस माझ्या पोटावर होते.

तेव्हापासून मी नळी बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही. तपासणी एकाच ठिकाणी करते, आकडा आणि डोस वहीत लिहिते. रिपोर्ट मिळाल्याबरोबर फोनवर कोणाला सांगायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं. हे पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आकडा हलला नाही म्हणून घाबरू नका. गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. अंगदुखीवर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. अँटिबायोटिक सुरू झालं तर आयएनआर लवकर करून घ्या.

काळी शौच, न थांबणारं नाकातलं रक्त, डोक्याला मार, एकाएकी तोंड वाकडं होणं किंवा बोबडं बोलणं, धाप लागून टिकटिक मंद होणं, यातलं काहीही झालं तर खिडकी वगैरे विसरा, थेट इमर्जन्सीत जा.

आणि हो, दाढ काढायच्या आधी झडपेचं सांगा. आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि मी खुर्चीवर तोंड उघडून बसल्यावर सांगितलं होतं.