केसर अजून ओसरीवरच बसलीय

सोमवार, २८ जुलै

रात्रीचे पावणेदोन. नळाला पाणी आलंय. आमच्याकडे चार दिवसांनी येतं आणि येतं ते असं, गाव गाढ झोपलेलं असताना. आईला उठवलं नाही. दिवसभर ती कपाशीत निंदायला होती, सायंकाळी बोटं मिटत नव्हती तिची. मीच नळी टाकीत सोडली आणि वही घेऊन ओसरीच्या दिव्याखाली बसले. टाकी भरायला पाऊण तास, मग हंडे, मोरीतला ड्रम. सगळं धरून दीड तास. हा दीड तास माझा.

चार वाक्यं लिहिली, तीन खोडली.

गोष्ट केसरची आहे. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात त्या आखाजीला. अंगणात झोके बांधतात, गौराई बसते, सासरी असलेली प्रत्येक बाई आठ दिवस आधीपासून रस्त्याकडे बघत असते. केसरनं पहाटे उठून ज्वारीचं पीठ शिजवलं, खाटेवर ओलं धोतर अंथरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. आता ते वाळताहेत आणि ती ओसरीवर बसून भावाची वाट बघतेय. भाऊ मुराळी म्हणून येईल, तिला घेऊन जाईल. दुपार होते, ऊन उतरतं, कुणी येत नाही.

इथवर मला माहीत आहे. पुढे ती काय करते ते कळत नाही. जवळपास महिना झाला, केसर त्याच ओसरीवर बसून आहे.

आतून आजीचा आवाज आला, "काय लिखी ऱ्हायनी व? अभ्यास का गोठ?"

"गोठ."

"लिख मंग. पन निजी जाय लवकर, सकायमां मोटर चुकी जाई."

मोटर म्हणजे माझी सकाळची बस. अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत, गोष्टीलाही गोठच म्हणतात आणि बोलण्यालाही. ‘काय गोठ शे?’ म्हणजे काय झालं, काय प्रकार आहे. गोष्ट आणि घडलेलं यांच्यात आमच्या बोलीनं भिंत घातलेली नाही. आजीला त्यामुळेच वाटत असावं की मी कुणातरी खऱ्या बाईची हकीकत लिहून काढतेय. आणि मलाही तसंच वाटतं.

गुरुवार, ३१ जुलै

आज बसमध्ये बसायला जागा मिळाली, म्हणून हे लिहितेय. अक्षर हलतंय.

अपडाउनचं हे तिसरं वर्ष. घर धरणगाव तालुक्यात, कॉलेज जळगावला. सकाळी सव्वासहाची गाडी, पाळधीवरून जळगाव. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. टी. वाय. बी.एस्सी., केमिस्ट्री. आठवड्यातले तीन दिवस प्रॅक्टिकल, जर्नल पूर्ण करायचं, ११ ऑगस्टपासून अंतर्गत परीक्षा. आणि ज्या दिवाळी अंकाकडे गोष्ट पाठवायची आहे त्यांची मुदत १५ ऑगस्ट. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे दरवर्षी ही मुदत आमच्या परीक्षेवर येऊन पडते.

गेल्या वर्षीचं आठवलं की अजून पोटात ढवळतं. मुदतीच्या आदल्या दोन रात्री जागून मी गोष्ट ‘संपवली’. खरं तर शेवटच्या पानावर आजोबांना मारून टाकलं, कारण मेले की गोष्ट संपते. त्या म्हाताऱ्यानं मरावं असं गोष्टीत काहीच नव्हतं. गोष्ट परत आली, आणि आली ते बरोबरच झालं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वीसपैकी सहा मिळाले. सहा मार्कांचं दुःख सेमिस्टरच्या पेपरात भरून काढता आलं. त्या आजोबांचं भरून निघत नाही. मी त्यांच्याशी नीट वागले नाही.

तेव्हा मी ठरवलं होतं की सुट्टी लागू दे, मग निवांत लिहीन. मे महिना आला. सकाळी दहानंतर घराबाहेर पाय ठेवता येत नव्हता, पारा चव्वेचाळीसच्या वर. परीक्षा नाही, गाडी नाही, जर्नल नाही. मी खिडकीखाली टेबल ओढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि बसले. चाळीस दिवसांत लिहून झाली दोन पानं, आणि ती दोन्ही उन्हाबद्दल. दुपारी पंख्याखाली पडून राहायचे आणि स्वतःला विचारायचे, वेळ नाही वेळ नाही म्हणून वर्षभर रडलीस, आता काय झालं?

जून उजाडला, गाडी सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात पाळधीच्या अलीकडे उभ्यानं, एका हातानं दांडा धरलेला असताना, केसर आली. आधी तिचे बिबडे आले, मग तिची ओसरी, मग ती.

याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही. पण एवढं कळतंय की माझ्या गोष्टीतली माणसं रिकाम्या खोलीत येत नाहीत. गर्दी, घाई, कुणाचं तरी बोलणं कानावर पडणं, एवढं त्यांना लागतं. लिहायला वेळ हवा, हे खरंच आहे. गोष्ट सुचायला मात्र मला दिवस भरलेला असावा लागतो.

शनिवार, २ ऑगस्ट

केसरला मी सुरुवातीला प्रमाण मराठी बोलायला लावत होते. ‘दादा आज नक्की येईल, नाही का?’ हे वाक्य जूनमध्ये लिहिलं होतं. आज वाचलं आणि लाज वाटली. अशी बोलणारी बाई आमच्या गल्लीत नाही. खोडून तिथे लिहिलं, ‘आज येईच तो.’ तीन शब्द. लगेच ती ओसरीवरून रस्त्याकडे वळून बघायला लागली.

निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं अहिराणीत, असं ठरवलंय. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या वाचकाला एखादा शब्द अडेल. अडू दे. मीही मालवणी संवाद अंदाजानं वाचते आणि मला कधी काही कमी पडलं नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

कानबाई झाली, आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण. शनिवार संध्याकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सारवण, रोटाचे गहू, भाऊबंदांची पंगत. काल रात्रभर गल्लीत गाणी, आज सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. कॉलेज बुडलं. वही उघडली नाही.

पण आत्या सुरतेहून आली होती. आमच्याकडची कितीतरी घरं पोटासाठी सुरतेला गेली, आत्याही लग्न होऊन तिकडेच. पुरण वाटताना मी तिला विचारलं, तरुणपणी मुराळ्याची वाट बघताना तू काय करायचीस? मला वाटलं ती रडण्याचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, बिबडे मोजायचे. एकदा मोजून झाले की पुन्हा. आईला द्यायचे किती, मोठ्या बहिणीला किती, शेजारच्या काकूला किती, आणि दर वेळी वाटणी बदलायची.

हात पुसून मी मोबाइलमध्ये एवढंच टिपून ठेवलं: बिबडे मोजते, वाटणी बदलते.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज ग्रॅव्हिमेट्री, म्हणजे साका वजन करून द्रावणात किती काय आहे ते काढायचं. बेरियम सल्फेट. गरम द्रावणात गरम आम्ल थेंबथेंब सोडायचं, पांढरा साका खाली बसायला लागतो. घाई करून लगेच गाळला तर बारीक कण फिल्टर पेपरातून निसटतात आणि सगळं वजन चुकतं. म्हणून बीकर वॉटर बाथवर तासभर ठेवायचा. त्या उष्णतेत बारीक कण विरघळतात, मोठ्या कणांवर जाऊन बसतात, साका जाड होतो, मगच तो कागदावर थांबतो. वर्गात याचं नाव ‘डायजेशन’.

तो तास आम्हां सगळ्यांना मोकळा असतो. मुली बाहेर जाऊन चहा पिऊन येतात. मी बीकरसमोर स्टूलवर बसून जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर बिबड्यांची वाटणी लिहीत होते. माहेरी कोण कोण आहे, कुणाला किती. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी वाचलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "हे जर्नलमध्ये नको, वेगळी वही ठेव. तपासणीला बाहेरचे येतात." आणि थोडं थांबून, "क्लोराइड जाईपर्यंत धुशील ना नीट?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. धुतल्याचं पाणी सिल्व्हर नायट्रेटनं तपासून तपासून मी साका धुतला. इतका मन लावून आजवर धुतला नसेल.

परत येताना स्टॅंडवर आसोद्याच्या गाडीची पाटी दिसली. बहिणाबाईंचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे आम्ही शाळेपासून ऐकतो, पण आज ते वेगळं वाटलं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या जुळवत गेल्या आणि मुलानं, सोपानदेवांनी, व मावसभावानं त्यातल्या काही उतरवून घेतल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. त्या गेल्या १९५१ साली, पुस्तक निघालं १९५२ मध्ये. आमच्या विद्यापीठाला आता त्यांचं नाव आहे. म्हणजे केमिस्ट्रीच्या माझ्या पदवीच्या कागदावर त्यांचं नाव असणार. त्या कागदाची मला आजपर्यंत नोकरीपुरतीच किंमत वाटत होती. आज प्रथमच तो हातात यावा असं आतून वाटलं.

त्यांच्याकडे टेबल नव्हतं, वही नव्हती, सुट्टी तर नव्हतीच. त्यांच्याशी स्वतःची तुलना करायची माझी हिंमत नाही. पण हातांना काम असताना ओळ डोक्यात धरून ठेवता येते, एवढं मी त्यांच्यावरून घेतलंय. आता मी निंदायला जाते तेव्हा एकच वाक्य बरोबर नेते. सरीच्या या टोकाला ते एक असतं, त्या टोकाला दुसरं झालेलं असतं. घरी आल्यावर उतरवायला पाच मिनिटं लागतात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

सकाळची गाडी. पाळधीच्या अलीकडे, फाट्यावर एक बाई उभी होती, हातात कापडात बांधलेला डबा. गाडी थांबली, पण ती चढली नाही. ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन तिनं डबा वर दिला, म्हणाली, जळगाव स्टॅंडवर पोरगा येईल घ्यायला. ड्रायव्हरनं डबा बॉनेटवर ठेवला, तिथे आधीच तीन होते. हे मी तीन वर्षं रोज बघतेय. खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचे डबे खेड्यांतून असेच येतात, भाकरी, ठेचा, कधी भरीत. मुलगा स्टॅंडवर उभा असतो, डबा घेतो, कालचा रिकामा परत देतो.

आज त्या बाईकडे बघत राहिले. गाडी सुटली तरी ती फाट्यावरून हलली नाही. डबा दिसेनासा होईपर्यंत उभी.

आणि केसर ओसरीवरून उठली.

भाऊ आला नाही. ती रडत नाही, कुणाला बोल लावत नाही. तिन्हीसांजेला बिबडे गोळा करते, मोजते, वाटणी करते, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गठुडं बांधते. आणि सकाळी माहेरच्या गावाकडे जाणारी गाडी फाट्यावर थांबवून गठुडं ड्रायव्हरच्या हाती देते. स्वतः चढत नाही.

जळगाव येईपर्यंत माझे हात थरथरत होते. पहिल्या तासाला ऑरगॅनिक होतं, काय शिकवलं ते आठवत नाही. मैत्रिणीची वही मागून घेतलीय, रविवारी उतरवीन.

बुधवार, १३ ऑगस्ट

परीक्षा चालू. लिहीत नाही. केसरला फाट्यावर उभी ठेवलंय. गेल्या वर्षी मी परीक्षेतून वेळ चोरला होता आणि दोन्हीकडे अर्धीच राहिले. यंदा चार दिवस फक्त रिॲक्शन्स. झोपण्याआधी मात्र गोष्टीचा शेवटचा परिच्छेद एकदा वाचते. एक अक्षरही बदलायचं नाही, असं स्वतःला बजावून. वाचत राहिलं नाही तर ती परकी होते, पुन्हा ओळख काढायला आठवडा जातो. हे मला दोन गोष्टी मरू दिल्यावर कळलं.

आजचा पेपर बरा गेला. ग्रॅव्हिमेट्री आली होती.

गुरुवार, १४ ऑगस्ट

शेवटचा पेपर झाला. संध्याकाळी भाकरी थापून झाल्यावर सगळं एका बैठकीत उतरवलं. डोक्यात तयारच होतं. दोन तास, नऊ पानं.

रात्री साडेबाराला पाणी आलं. नळी टाकीत सोडली. आजी जागीच होती, म्हणाली, "वाच." मी ओसरीवर बसून तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं. प्रमाणातली वाक्यं वाचता वाचता अहिराणीत करून सांगत गेले. बिबडे मोजण्यापाशी ती हसली, तिची लेक तिला ओळखू आली असावी. गठुडं गाडीत दिलं, गाडी गेली, धूळ बसली, केसर फाट्यावर उभी. संपलं.

आजी गप्प. टाकीत पाणी पडण्याचा आवाज. मग तिनं विचारलं, "मंग गठुडं कोनी उतारी लिनं?"

मी म्हटलं, "माहीत नाही आजी. गोष्ट तिथंच थांबते."

"अशी कशी थांबस? मोटर तं गई ना पुढे." थोडा वेळ छताकडे बघत राहिली. "भाऊ नही येवाव. तिनी भावजाईनी लिनं व्हई."

भावजय. नऊ पानांत ती कुठेच नव्हती. भाऊ येतो की नाही एवढंच मी बघत बसले होते. त्या घरात आणखी एक बाई आहे, तिलाही माहेर आहे, आखाजीला तिलाही कुणाची तरी वाट बघायची असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्यासाठी मुराळी आला का? की ती गेली म्हणून केसरला आणायला कुणी निघालं नाही? की ती घरीच राहिली आणि फाट्यावर उभी आहे, गाडीची वाट बघत?

टाकी भरत आली होती. उठून नळी ड्रममध्ये टाकली. उद्या १५ ऑगस्ट, सुट्टी आहे, आणि मुदत रात्री बारापर्यंत. वहीचं दहावं पान उघडलं.