इरुंगट्टुकोट्टैची रात्र

बेळगावहून बेंगळूरचा हायवे धरला आणि पुढेही ४८ नंबर सोडला नाही, तर आठशे किलोमीटरच्या आसपास, चेन्नईच्या अलीकडे, इरुंगट्टुकोट्टै येतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक तिथेच आहे. ३.७१७ किलोमीटरचा फेरा, १२ वळणं. राष्ट्रीय कार रेसिंगच्या हंगामातल्या फेऱ्या इथे आणि कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होत आल्या आहेत. मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, इंजिनं बांधतो. हंगामात टूरिंग कारच्या एका छोट्या टीमबरोबर इंजिनवाला म्हणून जातो.

टूरिंग कार म्हणजे आपल्या रस्त्यावरचीच गाडी. आमची मारुती एस्टीम, जी कंपनीने २००७ सालीच बंद केली. १२९८ सीसीचं इंजिन, बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. आतल्या मागच्या सीटा, मॅटिंग, दारांचे पॅड सगळं उतरवायचं, गाडी उलटली तर ड्रायव्हर वाचावा म्हणून पोलादी नळ्यांचा रोल केज वेल्ड करायचा, सस्पेन्शन खाली घ्यायचं. पण पत्रा तोच, चाकंही पत्र्याच्या आत. त्यामुळे पोरं बिनधास्त दाराला दार घासतात, बंपरला बंपर लावून पळतात. पुढच्या गाडीला चिकटून पळालं की वाऱ्याचा अडसर कमी होतो आणि वेग मिळतो. मात्र रेडिएटरच्या वाट्याला येते ती पुढच्याच्या पोटातली गरम हवा.

हंगामाच्या शेवटच्या फेरीत नेमकं हेच झालं. शनिवारी पहिली रेस. आमचा ड्रायव्हर गुणतक्त्यात तिसरा, चौथा त्याच्या पाठीवरच. पुढची गाडी एका वळणावर गवतात उतरली आणि तशीच परत ट्रॅकवर आली. तिने उडवलेलं गवत आमच्या जाळीत बसलं. तरीही पोरगा तिच्या मागून हटला नाही. पिटमध्ये आला तेव्हा रेडिएटरमधून वाफा.

"मेस्त्री, काटा एकदम वर गेला ओ. पॉवर पण गेली."

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, बघितलं. दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर दोन्ही बसलेले. शेजारशेजारचे दोन एकदम बसले की समजायचं, त्यांच्या मधली गास्केट जळली, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यातला पातळ थर. तांत्रिक अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांनी इंजिनाला मारलेलं सील तोडलं, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवला. गास्केट खरंच दोन सिलिंडरांच्या मध्ये काळी पडून फाटली होती. नवी गास्केट आमच्याकडे होती, पण खरा घोर हेडचा होता. ॲल्युमिनियम तापलं की पसरायला बघतं, बोल्टांनी जखडलेलं असतं म्हणून पसरता येत नाही, मग वाकतं. स्ट्रेट एज, म्हणजे सरळ पट्टी, ठेवून खाली फिलर गेज घातला, म्हणजे फट मोजायची पातळ पानं. मध्यभागी ०.१० मिलिमीटरचं पान सहज गेलं. पुस्तकात मर्यादा ०.०५ ची. असं हेड बसवलं तर दुसऱ्या दिवशी चार फेऱ्यांत गास्केट पुन्हा जाणार. स्पेअर हेड कोईमतूरला खर्ची पडलेलं. शेजारी ह्युंदाईचा एवढा मोठा कारखाना, सगळा भाग यंत्रांनी भरलेला, पण शनिवारी रात्री एक हेड फेस करून, म्हणजे यंत्रावर सपाट करून, देणारं दुकान आम्हाला मिळालं नाही.

बरोबर येळ्ळूरचा एक पोरगा होता. एरवी तो उद्यमबागेत जुन्या लेथच्या बेडचं स्क्रेपिंग करतो, म्हणजे हाताने खरवडून तो सपाट करतो. टायर उचलायला हात हवा म्हणून मी त्याला आणला होता.

"मेस्त्री, जाड काच मिळंल काय बघूया की."

"काच कशाला रे?"

"सरफेस प्लेट, सपाटपणा बघायची फरशी, नसली की आमच्यात बारक्या कामाला काचच घेत्यात."

शटर ओढायच्या बेतात असलेल्या एका काचवाल्याकडून १२ मिलिमीटरचा तुकडा आणला. काच जाड असली तरी खाली टेकू सपाट नसला तर लवते, म्हणून पोराने आधी प्लायवुड लेव्हलला बसवलं, मगच वर काच ठेवली. मी व्हॉल्व्ह काढले. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हाताने फिरवून बघितला, कारण हेड वाकलं की कॅमची बैठकही वाकू शकते. मोकळा फिरला.

पोराने काचेवर बोटाने ब्लू, म्हणजे उंच जागा दाखवणारा निळा रंग, पसरला, अगदी पातळ, खालची काच दिसेल इतका. हेड अलगद ठेवून जरासं सरकवलं आणि उलटं केलं. दोन्ही टोकं निळी, मधला भाग कोरा. मग आपल्या डब्यातून स्क्रेपर काढला. जुनी कानस घासून त्याने स्वतःच केलेला. जिथे निळं तिथेच खरवडायचं, पुसायचं, पुन्हा ब्लू, पुन्हा हेड काचेवर. मनगट हलत नव्हतं, सगळा जोर कमरेतून. मी इतकी वर्षं इंजिनं बांधतो, पण असा हात माझा नाही. मध्यरात्र उलटली तशी निळे ठिपके मध्याकडे सरकू लागले. शेवटी काचेवर पॉलिश पेपर आणि रॉकेल घेऊन आम्ही दोघांनी आळीपाळीने हेड घासलं. फिलर गेजचं ०.०५ चं पान कुठेच शिरेना तेव्हा उजाडायला आलं होतं.

बेळगावात ट्रॅक नाही, म्हणून रेसिंग हे मोठ्या शहरांचं आणि पैसेवाल्यांचं काम, असं आपल्याकडे धरून चालतात. मला हे पटत नाही. ड्रायव्हरला पैसा लागतो, खरं आहे. पण क्रँकशाफ्टचे जर्नल मायक्रॉनमध्ये ग्राइंड करणारी पोरं उद्यमबागेत, मच्छेत शेडाशेडात आहेत. ती पिट गॅरेजमध्ये हवीत, आणि त्यांना कोणी बोलावत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

सकाळी हेड चढवलं, बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने टॉर्क केले, बेल्ट जुळवला. अधिकाऱ्यांनी नवं सील मारलं. ड्रायव्हरला एकच सांगितलं, "सरळ पट्ट्यावर कुणाच्या मागे दडू नको. अर्धी गाडी बाहेर काढ, रेडिएटरला वारा लागू दे." तो मागच्या रांगेतून सुटला आणि सहावा आला. तेवढ्या गुणांवर तिसरी जागा टिकली. काटा शेवटपर्यंत जागचा हलला नव्हता.

बेळगावला आल्यावर मी ते हेड पुन्हा उतरवलं आणि पोराच्या शेडमधल्या ग्रॅनाइट प्लेटवर तपासलं. ०.०४ चं पानही जाईना. पुढच्या हंगामाला आम्ही तेच हेड लावलं.